आतेभावाने दिलेलं झेपेलिन: भंगारात काढायचं की जोडून घ्यायचं?

थोडक्यात प्रश्न असा: न्यू जर्सीचा आतेभाऊ कायमचा पुण्याला परतला आणि येताना 2008 साली घेतलेलं बोवर्स अँड विल्किन्सचं झेपेलिन, म्हणजे आयपॉड खोचून वाजवायचा स्पीकर (डॉक), आणि 80 जीबीचा आयपॉड क्लासिक, म्हणजे अ‍ॅपलचा गाणी वाजवायचा प्लेअर, तुम्हाला देऊन गेला. आयपॉड खोचला की गाणी झकास वाजतात, पण तुमचा अँड्रॉइड फोन त्याला लागत नाही. वडील म्हणतात, "कालबाह्य झालंय, काढ भंगारात आणि चांगला ब्लूटूथ स्पीकर आण." काय करावं?

भंगारात काढू नका. गेली सव्वीस वर्षं मी स्पीकर आणि अ‍ॅम्प्लिफायर दुरुस्त करतोय आणि या जातीचे डॉक दर दोन-तीन महिन्यांनी माझ्या टेबलावर येतात. बहुतेकांचं दुखणं एकच असतं. आवाज शाबूत, तोंड जुनं. त्या तोंडापायी अख्खी वस्तू टाकणं म्हणजे दाराचं कुलूप बिघडलं म्हणून घर विकण्यासारखं आहे.

आधी हे तोंड म्हणजे काय ते बघू, पुढचे सगळे उपाय त्यावरूनच ठरतात. पहिला आयपॉड ऑक्टोबर 2001 मध्ये आला, पण त्याला डॉकचं भोक नव्हतं. ते 2003 च्या तिसऱ्या पिढीत आलं: 30 पिनांची रुंद, चपटी पट्टी. वरवर ती चार्जिंगची केबल वाटते, पण तिच्यात बरंच काही आहे. तिसऱ्या-चौथ्या पिनेवर उजव्या-डाव्या चॅनेलचा लाइन आउट मिळतो, म्हणजे हेडफोनच्या जॅकला आणि व्हॉल्यूमला वळसा घालून सरळ बाहेर येणारा, ठरावीक पातळीचा आवाज. बाकीच्या पिनांवर यूएसबी, फायरवायर (यूएसबीसारखीच एक जुनी जोडणी), व्हिडिओ आणि डॉकने आयपॉडला 'पुढचं गाणं लाव' सांगायची वाट. रिमोटचं बटण दाबलं की आयपॉडमधलं गाणं बदलतं, ते या वाटेने.

या एका पट्टीवर मोठा धंदा उभा राहिला. बोसचा साउंडडॉक 2004 मध्ये आला. 2006 च्या फेब्रुवारीत खुद्द अ‍ॅपलने 349 डॉलरचा आयपॉड हाय-फाय काढला आणि दीड वर्षात गुंडाळला. 2007 मध्ये बोवर्स अँड विल्किन्सने 600 डॉलरच्या घरात झेपेलिन आणलं, तेव्हा 'आयपॉडच्या स्पीकरला एवढे पैसे कोण देणार' असं बोलणारे पुष्कळ होते. त्यात मीही होतो. ऐकल्यावर बोलणं बंद केलं. मग ही लाट अशी फोफावली की फ्रेंच संगीतकार जाँ-मिशेल जार यांच्या कंपनीने अकरा फूट उंच, दहा हजार वॅटचा आयपॉड डॉक काढला! तो कोणाच्या दिवाणखान्यात मावला असेल देव जाणे.

2012 मध्ये आयफोन 5 बरोबर लायटनिंगचं बारीक तोंड आलं आणि 30 पिनांचा कारभार आटोपला. 2015 च्या झेपेलिनमधून डॉक गेलाच. शेवटचा आयपॉड 2022 च्या मे महिन्यात बंद झाला. तोंड मेलं ते असं. आता तुमच्या घरातल्या पेटीत काय आहे ते बघा.

640 मिलिमीटर लांब, साडेसात किलो वजनाचं अंडाकृती धूड. मधोमध खालच्या स्वरांचा पाच इंची वूफर, त्याच्या दोन बाजूंना मधल्या स्वरांचे साडेतीन-साडेतीन इंची मिडरेंज आणि दोन्ही टोकांना वरच्या स्वरांचे एक-एक इंची धातूचे ट्वीटर. मिडरेंज आणि ट्वीटरच्या प्रत्येक बाजूला 25 वॅट, वूफरला वेगळे 50 वॅट. ट्वीटरच्या पाठीमागे निमुळती नळी आहे. मागच्या बाजूला निघालेला आवाज तिच्यात विरून जातो, उलटून पुढे येत नाही. ही युक्ती त्यांनी स्वतःच्या मोठ्या स्पीकरमधून खाली आणली. हे सगळं 2008 मध्ये चांगलं होतं आणि आजही तेवढंच चांगलं आहे. हवा हलवायचे नियम काही सॉफ्टवेअर अपडेटने बदलत नाहीत.

वडिलांच्या ब्लूटूथ स्पीकरचं गणित इथेच मांडतो. बाजारातल्या हातात मावणाऱ्या स्पीकरमध्ये साधारण दोन इंची कोन, म्हणजे हलून आवाज काढणारा पडदा, असतो. पाच इंची कोनाचं क्षेत्रफळ त्याच्या सव्वासहा पट. शिवाय तेवढ्याच जोराचा आवाज एक सप्तक खाली काढायचा तर कोनाला चौपट पुढे-मागे धावावं लागतं. छोट्या कोनाला तेवढी धाव नसतेच. म्हणून छोटे स्पीकर हळू आवाजात भरदार वाटतात आणि वाढवला की त्यांचा बेस गायब होतो. आतला प्रोसेसर कोन फाटू नये म्हणून तो कापत असतो.

याचा पुरावा घरीच मिळेल. पुरुष गायकाची काळी एकच्या पट्टीतली मैफल लावा. तिथे तानपुऱ्याचा खर्ज सुमारे 69 हर्ट्झला लागतो. छोट्या स्पीकरवरही तुम्हाला तो 'ऐकू' येईल, पण ती कानाची करामत. वरच्या स्वरांवरून मेंदू खालचा स्वर कल्पून घेतो. नंतर तीच मैफल झेपेलिनवर लावा आणि तळहात टेबलावर टेकवून ठेवा. खर्जाची तार छेडली गेली की हाताला कळेल. तबल्याच्या बायाचं घुमणंही तसंच. घिस्सा खालून वर सरकत जातो तो सरकताना ऐकू आला पाहिजे, नुसता 'धप' नको.

आता फोन जोडायचा कसा? मागच्या बाजूला 3.5 मिलिमीटरचं ऑक्स इनपुट, म्हणजे बाहेरचा आवाज केबलने आत घ्यायचं भोक, आहे, तेच वापरा. फोनला हेडफोनचा जॅक असेल तर दोन्हीकडे 3.5 चा पुरुष जॅक असलेली चांगली केबल आणा, रिमोटवरून ऑक्स निवडा, झालं. पुण्यात तपकीर गल्लीत आणि मुंबईत लॅमिंग्टन रोडला अशी केबल कुठेही मिळते. फक्त जॅकपाशी हलवून बघा, कडकड आली तर परत करा. फोनचा आवाज पूर्ण ठेवू नका, एक-दोन घरं खाली ठेवा आणि कमी-जास्त झेपेलिनवर करा. फोन अर्ध्यावर आणि स्पीकर पूर्ण, हा उलटा कारभार बहुतेक घरांत चालतो आणि मग लोक म्हणतात मागे सूंऽऽ असा आवाज येतो. येणारच, तुम्ही सुरसुरीही तेवढ्याच पटीने वाढवताय.

जॅक नसेल तर टाइप-सी ते 3.5 असा छोटा तुकडा मिळतो. घेताना आत डॅक चिप, म्हणजे डिजिटल आकड्यांचा आवाज करणारी चिप, आहे का ते विचारा. बिनचिपेचे तुकडे काही फोनवर चालतात आणि काहींवर मुके राहतात, आणि दुकानदाराला स्वतःलाच फरक ठाऊक नसतो.

तुम्हाला बहुधा बिनतारी हवंय. मग ब्लूटूथ रिसीव्हर घ्या, काडेपेटीएवढा असतो, त्याचं आउटपुट ऑक्समध्ये जातं. इथे एकच मेख आहे. स्वस्त रिसीव्हर यूएसबी चार्जरवर चालवला की पुष्कळदा बारीक किर्रर्र किंवा घुंऽऽ येतं आणि लोक स्पीकरला नावं ठेवतात. रिसीव्हरमध्ये स्वतःची बॅटरी असेल तर चार्जर काढून बघा. आवाज थांबला तर दोष चार्जरचा. ऑक्सच्या वाटेत बसणारा छोटा आयसोलेटर मिळतो, आत दोन चिमुकले ट्रान्सफॉर्मर असतात, तो घातला की बहुतेक वेळा शांतता होते. लॅपटॉप जोडल्यावर येणाऱ्या हमलाही हेच औषध. मात्र आधी घराचं अर्थिंग तपासून घ्या. जुन्या वाड्यात आणि चाळीत तिसरं भोक नुसतं शोभेला असतं, आतली वायर कुठेच गेलेली नसते.

30 पिनांच्या जागीच खोचायचे ब्लूटूथचे तुकडेही ऑनलाइन मिळतात. दिसतात छान, पण तुम्हाला सुचवत नाही. काही डॉक आधी आयपॉडशी बोलून ओळख पटवतात आणि मगच आवाज सोडतात. नुसता ब्लूटूथचा तुकडा त्या बोलण्याला उत्तर देत नाही, मग डॉक गप्प. दुसरी गोम विजेची. सुरुवातीचे कित्येक डॉक आयपॉडला फायरवायरच्या पिनांवरून 12 व्होल्ट द्यायचे. 2008 मध्ये आयफोन 3जी पासून अ‍ॅपलने त्या वाटेने चार्जिंग घेणं बंद केलं आणि यूएसबीचे 5 व्होल्ट तेवढे ठेवले. म्हणून जुन्या डॉकवर नंतरचे आयपॉड-आयफोन वाजायचे पण चार्ज व्हायचे नाहीत. त्या काळी किती जणांनी माझ्याकडे डॉक 'बिघडला' म्हणून आणले! बिघडलं काहीच नव्हतं. हे ब्लूटूथचे तुकडेही 5 व्होल्टच शोधतात आणि 12 व्होल्टच्या डॉकवर एक तर चालू होत नाहीत किंवा जळतात.

आतेभावाचं सामान अमेरिकेचं आहे, त्यामुळे हे सगळं करण्याआधी मागचं लेबल वाचा. 100-240 असं छापलं असेल तर इथल्या 230 व्होल्टवर निवांत लावा, फक्त पिन बदला. नुसतं 120 व्होल्ट असेल तर स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लागेलच. मागच्या वर्षी कोथरूडचे एक गृहस्थ डॉक घेऊन आले, कंपनी वेगळी, नाव राहू दे. मुलीने बॉस्टनहून पाठवलेला. "पिन बदलून लावला साहेब, एकदाच फट् झालं." आत फ्यूज, ब्रिज आणि मुख्य कपॅसिटर तिघेही गेलेले, कपॅसिटरच्या टोपीचा तुकडा थेट वूफरच्या कोनात रुतलेला. तुमचा आयपॉड लावून वाजतोय, म्हणजे ही परीक्षा बहुधा आधीच पार पडलीय. पण तो आतेभावाने आणलेल्या ट्रान्सफॉर्मरवर वाजत असेल तर? म्हणून वाचा म्हणतो.

मग जागा. इथे मात्र तुमच्या अपेक्षेला थोडा लगाम घालतो. एका पेटीतून स्टिरिओ मिळत नाही, कितीही महाग घ्या. दोन स्पीकर आणि ऐकणारा असा समभुज त्रिकोण केला तर स्पीकरमधला कोन 60 अंशांचा होतो. झेपेलिनच्या दोन ट्वीटरमधलं अंतर अर्धा मीटर धरलं आणि तुम्ही अडीच मीटरवर बसलात तर तो कोन जेमतेम 11 अंश. सारंगी डावीकडे आणि हार्मोनियम उजवीकडे, असं चित्र उभं राहणार नाही. गाणं एका जागेवरून येईल, पण मोठ्या, भरलेल्या जागेवरून. स्वयंपाक करताना, चहा घेताना, घरात चार माणसं असताना ऐकायला हेच बरं पडतं. डोळे मिटून मैफल ऐकायची असेल तर दोन वेगळे स्पीकर लागतात, तो विषय निराळा.

ठेवताना कोपरा टाळा. मागच्या भिंतीजवळ बेस वाढतो, कोपऱ्यात दोन भिंती मिळून आणखी वाढवतात. भिंतीपासून वीतभर पुढे ओढून सुरुवात करा. बायाऐवजी पिंप वाजतंय असं वाटलं तर आणखी चार बोटं पुढे. आपल्याकडच्या शोकेसच्या कप्प्यात तर मुळीच नको. मागे हवा सोडायची भोकं आहेत, कप्प्यात ती कोंडतात आणि वर काचा, ट्रॉफ्या, लग्नातले पितळी दिवे सगळे साथीला लागतात. एका ग्राहकाने महिनाभर 'वूफर फाटलाय' म्हणून माझा जीव खाल्ला. घरी गेलो तर वरच्या कप्प्यातल्या स्टीलच्या ताटल्या वाजत होत्या. आयपॉड लावल्यावर त्याच्या मेन्यूत 'स्पीकर्स' असा विभाग दिसला तर त्यातून बेस कमी-जास्त करून बघा. आधी जागा बदला, मग मेन्यूत शिरा.

निगा फार नाही. 30 पिनांचा भाग मळतो, कोकण-मुंबईच्या दमट हवेत पिना हिरव्या पडतात. मऊ ब्रशला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून हळूच फिरवा, वाळू द्या. खोबरेल किंवा गंजाचे स्प्रे मारू नका, त्यावर धूळ चिकटते. स्पीकर स्टँडबायवर बारा महिने ठेवू नका, भिंतीवरचं बटण बंद करा. पॉवर सप्लायमधले कपॅसिटर उष्णतेने सुकतात. तापमान 10 अंशांनी वाढलं की आयुष्य साधारण निम्मं होतं, आणि स्टँडबायचा सप्लाय रात्रंदिवस कोमट असतो. त्या उबेला पाली येतात. हसू नका. रत्नागिरीहून आलेल्या एका डॉकमध्ये पाल मागच्या भोकातून शिरून सप्लायच्या दोन टोकांना टेकलेली होती; तिचाही कोळसा आणि सर्किटचाही. पावसाळ्यात स्पीकर महिनोन्‌महिने पडून राहणार असेल तर मागच्या भोकांवर पातळ जाळीचं कापड चिकटवा आणि वाजवताना काढा.

पुढे कधी आवाज अडकत आला, चालू व्हायला वेळ लागू लागला किंवा टिकटिक झाली तर कपॅसिटर बदलायची वेळ आली समजा. चार-सहा भाग असतात, किंमत किरकोळ, मजुरी त्याहून जास्त. चालू असताना कोणालाही पेटी उघडू देऊ नका आणि बंद केल्यावरही मुख्य कपॅसिटरमध्ये बराच वेळ वीज साठलेली असते. 'अख्खं बोर्ड बदलावं लागेल' असं न उघडताच सांगणारा कारागीर भेटला तर पेटी उचला आणि निघा.

इतर कोणी सेकंडहँड घ्यायच्या विचारात असेल तर: पेटी चांगली, भाव डॉकचा, हा सौदा सध्या खरेदीदाराच्या बाजूने आहे, कारण विकणाराही तुमच्या वडिलांसारखंच म्हणत असतो. फक्त ऑक्स इनपुट नसलेला डॉक घेऊ नका. 2011 च्या झेपेलिन एअरमध्ये डॉकच्या जोडीला एअरप्ले, म्हणजे आयफोनवरून बिनतारी गाणं पाठवायची सोय, आहे, घरात आयफोन असेल तर ते जास्त सोयीचं.

आता आयपॉड. तुम्ही त्याचं काही विचारलेलं नाही, पण माझ्या मते या जोडीत तोच तुमच्या वडिलांच्या कामाचा आहे. त्यांच्या सीडी लॉसलेसमध्ये, म्हणजे दर्जा जराही न घटवता, उतरवल्या तरी 80 जीबीत दोनशे तासांच्या वर गाणी मावतील. त्याला इंटरनेट लागत नाही, मधेच जाहिरात लागत नाही, भैरवी ऐन रंगात असताना बँकेचा मेसेज टिंग करत नाही. झेपेलिनच्या दांड्यावर बसवला की मुठीत धरून अंगठ्याने चाक फिरवता येतं. साठीच्या पुढच्या बोटांना टचस्क्रीनपेक्षा हे सोपं जातं, हे मी घरीच पाहिलंय. आतेभावाच्या कॉम्प्युटरला न जोडता गाणी भरायची असतील तर तुमच्या विंडोजवर आयट्यून्स टाका. पहिल्यांदा जोडल्यावर ते 'हा आयपॉड पुसून नव्याने भरू का' विचारेल. हो म्हणण्याआधी आतेभावाला फोन करा, त्याची गाणी त्याच्याकडे दुसरीकडे असतीलच असं नाही.

आत फिरती हार्डडिस्क आहे, ती कधीतरी खटखट करून जाईल. तिच्या जागी मेमरी कार्डाचं बोर्ड बसतं, मी आजवर बरीच बसवलीत. बॅटरीची मात्र आजच खात्री करा, कारण डॉकवर कायम चार्जिंगला राहिलेली जुनी बॅटरी फुगते. आयपॉड काढून पाठीच्या चकाकत्या पत्र्यावर टेबलावर ठेवा आणि बोटाने टिचकी मारा. जागेवर राहिला तर ठीक. भिंगरीसारखा फिरला किंवा पुढच्या पत्र्याच्या कडेला नख शिरेल एवढी फट दिसली, तर पुन्हा डॉकवर लावू नका, स्वतः उघडूही नका, बॅटरी बदलणाऱ्याकडे द्या. तोवर ऑक्सवर फोन आहेच.